वाचकांचे प्रश्न : कच्च्या तेलाच्या तळाशी काय उरते?

गेल्या अंकात याच सदरात कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणाविषयी लिहिताना, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे एकेक पदार्थ निघून गेल्यावर ‘शेवटी तळाशी डांबर उरते’ असे एक वाक्य लिहून मी मोकळा झालो होतो. त्या एका वाक्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांकडून जितकी पत्रे आली, तितकी बाकीच्या संपूर्ण लेखावर आली नाहीत. वाक्य खोटे नव्हते, पण आळशी होते, हे मान्य करतो. म्हणून या वेळचे सदर त्या तळालाच दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : तळाशी उरलेले जड तेल आणखी तापवले, तर तेही कधी ना कधी उकळून वेगळे होईलच. मग ते ‘उरते’ असे का म्हणायचे?
— साखर कारखान्यातील केमिस्ट, कागल

आपण साखर कारखान्यात काम करता, त्यामुळे या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या पॅनवरच आहे. गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटवतात. गूळ उतरवण्याच्या वेळी पाक ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या घरात गेलेला असतो आणि गुळव्याचा अंदाज जरासा चुकला, तरी गूळ काळवंडतो. कारखान्यात तोच पाक पॅनमध्ये हवेचा दाब कमी करून उकळवतात, म्हणून तो बऱ्याच कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही. कच्च्या तेलाचे दुखणे अगदी याच जातीचे आहे. साधारण ३५० ते ३७० अंशांच्या पुढे गेल्यावर मोठ्या रेणूंमधील कार्बन-कार्बन बंध तुटू लागतात, आणि मग तेल उकळत नाही, ते मोडते : एकीकडे हलके वायू व पातळ तेल निघते, दुसरीकडे भांड्याला कोक धरतो. कारखानदाराला असे मोडणे हवे असते तेव्हा तो ते मुद्दाम घडवून आणतो. कोकर नावाचे युनिट त्यासाठीच असते. पण आपल्याला ‘या तेलात मुळात काय होते’ हे शोधायचे असेल, तर तापवून मोडलेले तेल तपासणे म्हणजे करपलेल्या गुळावरून उसाच्या रसाची प्रत ठरवण्यासारखे होईल.

म्हणून येथेही दाब उतरवावा लागतो. फरक किती पडतो हे एका उदाहरणावरून दिसेल. ३६ कार्बनांची सरळ साखळी असलेले मेण वातावरणाच्या दाबाला सुमारे ४९७ अंशांवर उकळेल, पण तेथपर्यंत पोहोचण्याआधीच ते मोडू लागेल. तेच १ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली सुमारे २६५ अंशांवर सुखरूप उकळते. प्रयोगशाळेत हे काम दोन टप्प्यांत करतात. आधी पंधरा सैद्धांतिक थाळ्यांच्या, म्हणजे वाफ व द्रव वेगळे करण्याच्या पंधरा आदर्श पायऱ्यांच्या बरोबरीच्या, उंच स्तंभातून, वातावरणाच्या दाबाच्या हिशेबात ४०० अंशांपर्यंतचे भाग काढतात. मग उरलेले तेल जवळजवळ स्तंभच नसलेल्या निर्वात भांड्यात घालून ५६५ अंशांपर्यंत नेतात. हे आकडे ‘समतुल्य’ तापमानाचे आहेत, हे विसरू नये. भांड्यातील थर्मामीटर प्रत्यक्षात कधीच ५६५ दाखवत नाही. दाखवले, तर भांड्यात तेल उरलेले नाही असे समजावे. त्याही पुढे जायचे, तर तेलाचा पातळ थर तापलेल्या भिंतीवरून घसरू द्यायचा आणि अगदी समोर थंड पृष्ठभाग ठेवून वाफ लगेच टिपायची, अशी लघुपथ ऊर्ध्वपातनाची पद्धत आहे. तिने ७०० अंशांच्या समतुल्यापर्यंत मजल मारता येते.

गॅस क्रोमॅटोग्राफवरही, म्हणजे घटकांची वाफ लांब नळीतून नेऊन त्यांना वेगळे करणाऱ्या यंत्रावरही, उत्कलनाचा आलेख काढता येतो आणि तो सुमारे शंभर कार्बनांच्या रेणूंपर्यंत जातो. मात्र त्यात हाताला काहीच पदार्थ लागत नाही, आणि जे नळीतून बाहेर आलेच नाही त्याचे प्रमाण वजाबाकीने ठरवावे लागते. थोडक्यात, उष्णतेचा उपाय एका ठिकाणी संपतो. त्यानंतर जे वेगळे करायचे, ते द्रावकांनी करावे लागते, आणि खरी गुंतागुंत तेथून पुढे सुरू होते.

प्रश्न : माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात जड तेलातील अस्फाल्टीन मोजायचे होते. मला ८.४ टक्के मिळाले. त्याच बाटलीतील तेल घेऊन दुसऱ्या महाविद्यालयातील माझ्या मैत्रिणीने मोजले, तर तिला १३ टक्के मिळाले. मी हेप्टेन वापरले होते, तिने पेंटेन. आमच्यापैकी कोणाचे चुकले? सर म्हणतात, पुन्हा करा.
— विद्यार्थिनी, राजारामपुरी

कोणाचेच चुकले नसावे, आणि पुन्हा केले तरी आकडे जुळणार नाहीत. हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बेंझीन म्हटले की एक ठरावीक रेणू डोळ्यांसमोर येतो. तो कोल्हापुरात मोजला काय आणि मुंबईत मोजला काय, बेंझीनच असतो. अस्फाल्टीन या नावामागे असा कोणताही रेणू नाही. जे टोल्युइन या द्रावकात विरघळते पण हेप्टेन या द्रावकात विरघळत नाही, त्या सगळ्याला मिळून अस्फाल्टीन म्हणायचे, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे हे नाव एका वागणुकीचे आहे. घरी पीठ चाळल्यावर चाळणीत जो कोंडा उरतो, तो चाळणीच्या भोकांवर ठरतो. बारीक चाळण घेतली की कोंडा जास्त निघतो, म्हणून गहू बदललेला नसतो. पेंटेन ही बारीक चाळण आहे. त्याची साखळी हेप्टेनपेक्षा आखूड असल्यामुळे तेलातील जड, ध्रुवीय (विद्युतभार असमान वाटलेल्या) रेणूंना धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी पडते, आणि हेप्टेनमध्ये जेमतेम तगून राहणारे काही रेणूही त्यात खाली बसतात. तुमच्या मैत्रिणीच्या १३ टक्क्यांत तुमचे ८.४ टक्के आहेतच; शिवाय तुम्ही ज्याला रेझिन (तेलातील जड, ध्रुवीय, पण हेप्टेनमध्ये विरघळणारा भाग) म्हणाल, त्यातला एक हिस्साही आहे. याच क्रमाने आणखी खाली गेले, तर द्रवरूप प्रोपेन त्याहूनही जास्त गोष्टी खाली पाडतो, आणि वंगणतेल बनवणारे कारखाने अवशेषातून डांबर वेगळे करण्यासाठी त्याचाच उपयोग करतात. उलट हेप्टेनच्या पुढे साखळी लांबवत गेल्यास फरक फारसा पडेनासा होतो.

हे नाव फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो यांनी १८३७ साली वापरात आणले. अल्सास भागातील खनिज डांबराचे ऊर्ध्वपातन केल्यावर उरलेला, अल्कोहोलमध्ये न विरघळणारा पण टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा घन पदार्थ त्यांच्यासमोर होता. त्या व्याख्येत हेप्टेनचा पत्ताही नाही. नाव तेच राहिले आणि त्याखालची वस्तू दर काही दशकांनी थोडी थोडी बदलत गेली, असेच म्हणावे लागेल.

आता तुमच्या हेप्टेनच्या आकड्याकडे वळू, कारण तोही ‘हेप्टेनने ८.४ टक्के’ एवढ्याने पूर्ण होत नाही. आयपी १४३ ही अस्फाल्टीन मोजण्याची प्रमाणित पद्धत एक ग्रॅम तेलाला ३० मिलिलिटर हेप्टेन घ्यायला सांगते. मिश्रण तासभर रिफ्लक्सवर, म्हणजे वाफ थंड होऊन परत त्याच भांड्यात पडेल असे, उकळायचे, दीड ते अडीच तास अंधारात ठेवायचे, आणि मग व्हॉटमन ४२ क्रमांकाच्या कागदातून गाळायचे. दुसऱ्या काही पद्धती ग्रॅमला १०० मिलिलिटर हेप्टेन घेतात. द्रावकाचे प्रमाण, ठेवण्याचा वेळ, तापमान आणि गाळणकागदाची छिद्रे, यांपैकी काहीही बदलले की आकडा हलतो. अंधाराची अट पाहून हसू येते खरे, पण ती पाळावी. प्रकाश आणि हवा यांच्या सान्निध्यात तेलाचे घटक हळूहळू बदलतात.

सर्वांत मोठी चूक होते ती धुण्यात. अस्फाल्टीन खाली बसताना आपल्याबरोबर रेझिन आणि मेण ओढून नेते. कागदावरचा गाळ काळा दिसला की काम झाले असे वाटते, पण त्याच कागदावर गरम हेप्टेनची वाफ थंड होऊन टपकत राहिली पाहिजे, आणि खाली पडणारा थेंब निर्मळ होईपर्यंत ते चालू ठेवले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे. प्रयोगशाळेत अनेक वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की दोन विद्यार्थ्यांच्या आकड्यांतील फरक बहुतेक वेळा त्यांच्या चहाच्या वेळेतून येतो. धुऊन झाल्यावर गाळ गरम टोल्युइनमध्ये विरघळवून घ्यायचा. त्यात न विरघळता कागदावर जे मागे राहते ती माती, क्षार किंवा कोक असतो, अस्फाल्टीन नव्हे. टोल्युइन उडवून जे वजन येईल, ते तुमचे उत्तर.

सरांना सांगा, की पुन्हा करण्याऐवजी प्रबंधात दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या, आणि प्रत्येकासमोर द्रावक, प्रमाण, वेळ व कागद लिहा. पद्धत न लिहिलेला अस्फाल्टीनचा आकडा हा एकक न लिहिलेल्या लांबीसारखा असतो.

प्रश्न : अस्फाल्टीन काढून टाकल्यावर उरलेल्या तेलाचे पुढे काय करतात? ‘सारा’ चाचणी असा शब्द वाचनात आला.
— प्रोसेस हाउसमधील तंत्रज्ञ, इचलकरंजी

‘सारा’ हे चार इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून बनलेले नाव आहे : सॅच्युरेट्स, अरोमॅटिक्स, रेझिन्स आणि अस्फाल्टीन्स. अस्फाल्टीन बाजूला काढल्यावर उरलेल्या तेलाला माल्टीन म्हणतात. ते ॲल्युमिना किंवा सिलिका भरलेल्या काचेच्या स्तंभावर ओततात आणि वरून एकामागून एक अधिकाधिक ध्रुवीय द्रावक सोडतात. हेप्टेनबरोबर आधी संपृक्त हायड्रोकार्बन उतरतात, म्हणजे मेण आणि त्याचे भाऊबंद. ते पांढरट किंवा पाण्यासारखे दिसतात. मग टोल्युइन सोडले की अरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी कडी असलेला, भाग पिवळ्या-केशरी पट्ट्यासारखा खाली सरकतो. रेझिन मात्र ॲल्युमिनाला असे बिलगून बसते, की ते उतरवण्यासाठी मेथॅनॉल मिसळलेले द्रावक लागते. कापडाला पक्का बसलेला रंग आणि पहिल्या धुण्यात सुटणारा रंग हा फरक आपल्याला रोज दिसत असेल. येथे कापडाच्या जागी ॲल्युमिना आहे, एवढेच. बिटुमेनसाठी हा मार्ग कॉर्बेट यांनी १९६९ साली घालून दिला आणि आजच्या बहुतेक पद्धती त्याच्याच नातेवाईक आहेत.

या पद्धतीचे दोन दोष आहेत. रेझिनचा थोडा भाग स्तंभावरून कधीच उतरत नाही, आणि तेल हलके असेल तर द्रावक उडवताना तेलाचाही हलका भाग उडून जातो. त्यामुळे चारही भागांची बेरीज शंभरपर्यंत पोहोचत नाही. ती जर अहवालात नेमकी १००.० दिसली, तर ती मोजून आलेली नसून गणिताने तेथवर आणलेली असते. असा अहवाल माझ्याकडे आला की मी मूळ वजने मागतो.

घाई असेल तेव्हा सिलिकाचा लेप दिलेल्या बारीक क्वार्ट्झच्या काड्या वापरतात. काडीच्या टोकाला तेलाचा सूक्ष्म थेंब लावायचा, ती काडी एकेका द्रावकात उभी करून घटक वेगवेगळ्या उंचीवर चढू द्यायचे, आणि मग ती हायड्रोजनच्या ज्योतीतून सरकवून प्रत्येक पट्ट्याचा संकेत नोंदवायचा. एका वेळी दहा काड्या होतात आणि तेल थेंबभर पुरते. परंतु ज्योतीत सर्व घटक सारखा संकेत देत नाहीत, त्यामुळे काडीवरचे ‘रेझिन’ आणि स्तंभावरचे ‘रेझिन’ यांचे आकडे एका तक्त्यात मांडू नयेत. नाव सारखे असले, तरी त्या दोन वेगळ्या चाळण्या आहेत.

प्रश्न : आमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला फर्नेस ऑइल लागते. डिसेंबरात सकाळी तेल फार घट्ट होते म्हणून कामगारांनी टाकीत थोडे डिझेल मिसळले. आठवड्याभरात फिल्टर तुंबले आणि टाकीच्या तळाशी काळा चिखल साचला. पुरवठादार म्हणतो तेल चांगले होते, डिझेलवाला म्हणतो डिझेल चांगले होते. खरे कोण बोलत आहे?
— लघुउद्योजक, शिरोली औद्योगिक वसाहत

आपल्या वर्णनावरून पाहता, दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. राजारामपुरीतील विद्यार्थिनीने काचेच्या फ्लास्कमध्ये जे केले, तेच आपल्या कामगारांनी टाकीत केले. फर्नेस ऑइलमधील अस्फाल्टीन हे अरोमॅटिक आणि रेझिन घटकांच्या आधाराने तरंगत असते. डिझेलमध्ये सरळ साखळीच्या आणि संपृक्त हायड्रोकार्बनांचा भरणा असल्यामुळे ते हेप्टेनच्या कुळातले ठरते. ते पुरेसे मिसळले की आधार सुटतो आणि अस्फाल्टीन खाली बसते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले फर्नेस ऑइलचे साठे एकमेकांत मिसळल्यावरही कधीकधी हेच होते.

तेलात अस्फाल्टीन किती आहे, यापेक्षा ते कशाच्या सोबतीत आहे, याला जास्त महत्त्व असते. व्हेनेझुएलातील बोस्कान तेलात सुमारे १७ टक्के अस्फाल्टीन असूनही ते विहिरीतून फारशी तक्रार न करता वर येते, आणि अल्जीरियातील हासी मसूद येथील हलक्या तेलात ते एक टक्काही नसताना तेथील विहिरींच्या नळ्या त्याने वर्षानुवर्षे तुंबवल्या. या सोबतीचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी संपृक्त आणि अस्फाल्टीन यांच्या बेरजेला अरोमॅटिक आणि रेझिन यांच्या बेरजेने भागतात. भागाकार ०.७ च्या खाली असेल तर तेल सहसा स्थिर मानतात, ०.९ च्या वर गेला तर अस्थिर. मधल्या पट्ट्यात हा निर्देशांक काहीच सांगत नाही, आणि ते मला त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

आपल्याला एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही. मिसळण्याआधी ठिपक्याची चाचणी करावी. फर्नेस ऑइल आणि त्यात घालायचे तेल समभाग घेऊन, गरम करून नीट ढवळावे, त्याचा एक थेंब गाळणकागदावर टाकावा आणि कागद १०० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवावा. ठिपका सर्वत्र सारखा तपकिरी पसरला, तर मिश्रण चालेल. मध्यभागी गडद काळे वर्तुळ आणि बाहेर फिकट कडे दिसले, तर आपल्या टाकीतला चिखल आपल्याला कागदावर आधीच दिसला, असे समजावे. घट्टपणावर मात्र डिझेल हा उपाय नव्हेच. टाकीला आणि वाहिनीला उष्णता द्यावी, आणि बर्नरपूर्वी तेल साधारण शंभर अंशांच्या आसपास तापवून त्याची व्हिस्कॉसिटी उतरवावी. बर्नर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत नेमका आकडा दिलेला असतो.

जाता जाता आणखी एक गोष्ट : भट्टीच्या धातूवर राखेचे काचेसारखे थर दिसत असतील, तर तेलातील व्हॅनेडियम हा धातू तपासून घ्या. त्याचा ऑक्साइड ६९० अंशांच्या सुमारास वितळतो, सोडियम सोबत असेल तर त्याहूनही आधी, आणि वितळलेल्या स्थितीत तो पोलादावरचे संरक्षक आवरण खाऊन टाकतो.

प्रश्न : हे व्हॅनेडियम तेलात येते कोठून? आणि अस्फाल्टीनचा रेणू प्रत्यक्षात दिसतो तरी कसा?
— निवृत्त विज्ञान शिक्षक, कसबा बावडा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यासारख्या शिक्षकांना आवडेल. १९३४ साली म्युनिक येथील आल्फ्रेड ट्राइब्स यांना खनिज तेलात व्हॅनेडियम धरून बसलेले पॉर्फिरीन सापडले. पॉर्फिरीनचे चौकडीचे कडे हे हरितद्रव्यातही असते. तेथे त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. सजीव मेले, गाळात गाडले गेले, मॅग्नेशियम निघून गेले आणि त्या रिकाम्या घरात निकेल किंवा व्हॅनेडियम येऊन बसले. खनिज तेल सजीवांपासून बनले, याचा रेणूच्या पातळीवरील हा पहिला ठोस पुरावा. यांतील बराचसा धातू जड अवशेषातच राहतो आणि शुद्धीकरण कारखान्यातील उत्प्रेरक निकामी करतो, म्हणून अवशेषाच्या प्रत्येक अहवालात निकेल व व्हॅनेडियमचे रकाने असतात.

दुसऱ्या प्रश्नावर तज्ज्ञांत अनेक दशके भांडण होते. द्रावणाच्या बाष्पदाबावरून रेणुभार काढणाऱ्यांना तो हजारोंच्या घरात मिळे, तर दुसऱ्यांना हजाराच्या आत. कारण असे निघाले, की अस्फाल्टीनचे रेणू द्रावणातही एकमेकांवर चपात्यांसारखे रचून बसतात, आणि बाष्पदाब मोजणारा माणूस एक चपाती समजून सगळी चवड मोजत होता. आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या चित्रानुसार एका रेणूचा भार ५०० ते १००० च्या दरम्यान, बहुधा ७५० च्या आसपास असतो. आकार सुमारे दीड नॅनोमीटर. साधारण सहा रेणूंची मिळून दोन नॅनोमीटरची रास बनते, आणि अशा राशींचे पाच नॅनोमीटरचे झुबके होतात.

घटकांची मोजदाद करण्यासाठी सध्या सर्वांत समर्थ साधन म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात आयनांना फिरवून त्यांच्या फेऱ्यांच्या वारंवारतेवरून वस्तुमान काढणारा मास स्पेक्ट्रोमीटर. कोमिसारो आणि ॲलन मार्शल यांनी ही पद्धत १९७४ मध्ये मांडली. तिचे बळ कशात आहे ते पाहा : तीन कार्बन अणूंचे वस्तुमान नेमके ३६ एकके भरते, आणि एक गंधक व चार हायड्रोजन यांचे ३६.००३४. एवढ्याशा फरकाचे दोन रेणू हे यंत्र वेगळे ओळखते, आणि एकाच तेलात हजारो वेगवेगळी रेणुसूत्रे दाखवून देते. तरीही सूत्र कळले म्हणून रचना कळत नाही. २०१५ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेतील संशोधकांनी आण्विक बल सूक्ष्मदर्शकाने अस्फाल्टीनच्या शंभराहून अधिक रेणूंची एकेक करून छायाचित्रे घेतली. बहुतेकांत मध्यभागी जोडलेल्या अरोमॅटिक कड्यांचा गाभा आणि कडेला साखळ्यांच्या झालरी दिसल्या. मात्र त्यांत कोणतेही दोन रेणू एकसारखे नव्हते.

प्रश्न : रस्त्याच्या कामासाठी ‘व्हीजी-३०’ डांबर घेतो. त्याचीही सारा चाचणी करून घ्यावी का?
— कंत्राटदार, गडहिंग्लज

नको. भारतीय मानक आयएस ७३ ला आपल्या डांबरात रेझिन किती आहे, याच्याशी कर्तव्य नाही. व्हीजी-३० साठी ६० अंशांवर २४०० ते ३६०० पॉइज व्हिस्कॉसिटी, २५ अंशांवर किमान ४५ पेनिट्रेशन, म्हणजे १०० ग्रॅम भाराची सुई पाच सेकंदांत किमान साडेचार मिलिमीटर रुतणे, आणि किमान ४७ अंशांचा मृदुकरणबिंदू, एवढे पाहावे. सारा चाचणीचा उपयोग होतो तो डांबर उन्हाने आणि हवेने कसे म्हातारे होत जाते, याचा अभ्यास करताना. त्यात अरोमॅटिक भाग घटत जातो, अस्फाल्टीन वाढते आणि डांबर कडक होऊन तडे जातात. पिंपात तेच म्हातारपण जादा तापवल्याने एका दुपारीही आणता येते, याकडे आपल्या माणसांचे लक्ष असू द्या. गगनबावड्याकडच्या पावसात उखडलेल्या रस्त्यांचा दोष मात्र दर वेळी डांबराच्या माथी मारू नये. पाण्याचा निचरा आणि दबाई यांचा त्यात मोठा वाटा असतो.

प्रश्न : डांबरगोळ्यांत डांबर असते का?
— गृहिणी, मंगळवार पेठ

रस्त्यावरचे डांबर त्यांत नसते. मराठीत आपण दोन वेगळ्या वस्तूंना डांबर म्हणतो : खनिज तेलाच्या तळाशी उरते ते बिटुमेन, आणि दगडी कोळशापासून कोक करताना निघते ते कोलटार. जुन्या डांबरगोळ्या ज्या नॅप्थॅलीनच्या असत, ते नॅप्थॅलीन कोलटारमधून मिळे, म्हणून हे नाव पडले. बिटुमेनमध्ये नॅप्थॅलीन जवळजवळ नसते. इतका हलका पदार्थ ऊर्ध्वपातनात केव्हाच वर निघून गेलेला असतो.

प्रश्न : भारतात जड तेल कोठे मिळते? राजस्थानचे तेल नळातच गोठते असे ऐकले, ते जडच म्हणायचे ना?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, जयसिंगपूर

खरोखर जड तेल उत्तर गुजरातेत मेहसाणा भागातील बालोल आणि सांथल या क्षेत्रांत आहे. ते इतके घट्ट आहे, की जमिनीखाली तेलाचाच काही भाग जाळून बाकीचे पातळ करून वर आणण्याची पद्धत तेथे वापरली गेली. मुंबई हाय येथील तेल याच्या अगदी उलट, हलके आणि कमी गंधकाचे आहे. राजस्थानातील बाडमेरच्या मंगला क्षेत्राची गोष्ट निराळी आहे. ते तेल गोठते ते त्यातील मेणामुळे, म्हणून सहाशेहून अधिक किलोमीटरची त्याची वाहिनी संपूर्ण अंतरभर गरम ठेवावी लागते. मेण हे सारा चाचणीत संपृक्त घटकांत मोडते, अस्फाल्टीनमध्ये नव्हे. गोठलेले मेण थोड्या उबेने पुन्हा वितळते. खाली बसलेले अस्फाल्टीन नुसत्या उबेने सहसा परत विरघळत नाही. दोन्ही तेले नळ तुंबवतात, पण सोडवण्याचे उपाय वेगळे आहेत.

प्रश्न : अस्फाल्टीनच्या प्रयोगानंतर फ्लास्कला आतून काळा पापुद्रा चिकटून राहतो. हेप्टेनने कितीही खळबळले तरी निघत नाही. कशाने धुवावा?
— प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर

हेप्टेनने तो निघणार नाही, कारण हेप्टेनमध्ये न विरघळणे हीच त्याची ओळख आहे. गरम टोल्युइन थोडे थोडे घालून, धूरकपाटात, जवळपास ज्योत नाही याची खात्री करून खळबळावे, लगेच निघेल. मात्र ते काळे टोल्युइन टाकाऊच्या बाटलीत ओतण्यापूर्वी विद्यार्थ्याला विचारा, की त्याचे वजन झाले आहे का. फ्लास्कला चिकटलेला तो पापुद्रा कागदावरच्या गाळाइतकाच अस्फाल्टीन आहे, आणि तो त्याच टोल्युइनमध्ये मिळवून मग उडवायचा असतो.